काटा खाली आला

"खोटं लिहिलंय यांनी. चक्क खोटं. आणि खाली सही ठोकून हात झटकून मोकळे," असं म्हणत मिस्त्रीनं कार्यालयाचा कागद बॉनेटवर आपटला आणि उडू नये म्हणून त्यावर बावीसचा पान्हा ठेवला.

"मोठ्यानं वाचा की, भावजी," वहिनी म्हणाली. ती मिनीबसच्या पायरीवर बसून बुटाची नाडी आवळत होती. "मला पाठ आहे, पण तुमच्या तोंडून ऐकते. तेवढीच करमणूक."

मिस्त्रीनं वाचलं. डायलिसिसचे अकरा रुग्ण घेऊन इस्पितळाचा चढ चढत असलेल्या मिनीबसचं इंजिन चालकाच्या निष्काळजीपणामुळे तापून बंद पडलं. रुग्ण पावणेदोन तास रस्त्यावर ताटकळले. चालकानं तापमानाच्या काट्याकडे दुर्लक्ष केलं. चौकशीत विचारलं असता 'काटा वर गेलाच नाही, उलट खाली आला' असं हास्यास्पद उत्तर दिलं. सबब चालकास कामावरून कमी का करू नये, याची सुनावणी उद्या सकाळी अकराला. सोबत तांत्रिक अहवालाचा कोरा फॉर्म. कोरा म्हणायचा इतकंच. तीन चौकटी होत्या आणि पहिल्या चौकटीत, 'चालकाचा दोष' या शब्दांपुढे, कोणीतरी पेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण करून ठेवली होती. मिस्त्रीनं ती फक्त पेननं गिरवायची होती.

"पेन्सिल नाजूक आहे हो," वहिनी म्हणाली. "कोणा लाजऱ्या माणसाची दिसते."

मिस्त्री हसला नाही. तो या डेपोचा मुख्य मेकॅनिक, बावीस वर्षं झाली. वहिनी त्याच्या थोरल्या भावाची बायको. आधी ही बस थोरलाच चालवायचा. त्याची नजर अधू झाली, लायसन्स गेलं, आणि घरात बसून तो रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ओळखून दाखवू लागला, तेव्हा वहिनी म्हणाली, मी शिकते. शिकवलं मिस्त्रीनं. क्लच सोडायला शिकवताना दिराभावजयीनं एकमेकांचा असा काही उद्धार केला की सासूबाईंनी आठवडाभर दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढलं. पण शिकली. आता सगळा डेपो तिला वहिनीच म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला लांब्यासुद्धा. लांब्या याच बसचा दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर. नावाप्रमाणे उंच, सीट पार मागे सरकवून बसायचा, आणि ती पुढे ओढताना वहिनी रोज त्याच्या उंचीचा जाहीर निषेध करायची.

आठ दिवसांपूर्वी बस टो होऊन आली तेव्हा कार्यालयाचा तपासनीस आला होता. त्यानं पाण्याची वाट पूर्ण भरून घेतली, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला, दाब दिला. अर्धा तास पंपाचा काटा हलला नाही. मग इंजिन दहा मिनिटं जागेवर चालू ठेवलं. खाली थेंब नाही. 'गळती आढळली नाही' असं लिहून तो निघून गेला. जाताना साबण मात्र मागून घेतला.

जागेवर उभ्या गाडीला विचारून काय कळणार! झोपलेल्या माणसाला 'चढताना दम लागतो का' विचारण्यासारखं ते. या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्याच जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून दाबून सिलिंडरात कोंबतो. गाडी उभी असताना तोही पेंगत असतो. भरली गाडी चढाला लागली, पाय दाबला, की तो शिट्टी मारत जागा होतो, आणि आतला दाब इतका वाढतो की इंजिनाचं वरचं हेड बोल्टांना झटे देऊन केसभर उचलू पाहतं. हेड आणि खालचं धूड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, गॅस्केट. त्याला जर कुठे चीर गेली असेल तर ती नेमकी तेव्हाच तोंड उघडते. जळता वायू पाण्याच्या वाटेत घुसतो, पाण्याला वरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणातून बाहेर हाकलतो, रस्त्यावर त्याची वाफ होते. गाडी डेपोत आली की चीर मिटलेली. जमीन कोरडी. तपासनीस खूश.

"आधी तुमचा हास्यास्पद काटा बघू," मिस्त्री म्हणाला. "बसा आत. पण पायाला हात लावू नका."

"पायाला हात लावायला मी काय पाया पडायला आलेय?"

"अॅक्सिलरेटरला पाय लावू नका."

"असं बोला."

इंजिन सुरू झालं. वीस मिनिटांत काटा मधोमध येऊन थांबला. मिस्त्रीनं टाकीचं झाकण फडक्यानं धरून हळूहळू सोडलं, वाफ जाऊ दिली, मग खड्ड्यात उतरून रेडिएटरची खालची तोटी उघडली. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं औषध मिसळलेलं पाणी, टबात पडू लागलं.

"काटा?"

"मधे."

"आता?"

"मधेच आहे."

तोटीची धार बारीक झाली. वर, गरम पाणी इंजिनातून बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या घरात, तापमान सांगणारा सेन्सर बसवलेला असतो. तो पाण्यात बुडालेला असतो तोवर पाण्याचं तापमान सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो अधांतरी लटकतो आणि मग काहीच्या बाही सांगतो.

"भावजी." वहिनीचा आवाज बदलला. "हलला."

"कुठे?"

"खाली चाललाय. अजून खाली. थंड दाखवतोय. भावजी, थंड दाखवतोय हो हा मेला!"

"बंद करा लगेच," मिस्त्री ओरडला. इंजिन थांबलं. तो खड्ड्यातून वर आला तेव्हा वहिनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. आठ दिवस तिनं हीच गोष्ट चौकशीतल्या चार कोटवाल्यांना सांगितली होती. त्यांतल्या एकानं दुसऱ्याकडे बघून भुवई उडवली होती, ते ती घरी येऊन चारदा करून दाखवायची.

"मला वाटायला लागलं होतं," ती म्हणाली, "की मीच काहीतरी चुकीचं पाहिलं."

मिस्त्रीनं फडकं खांद्यावर टाकलं. "ही झाली एक गोष्ट. आता चढावरचं बघू."

दुसऱ्या परीक्षेसाठी एक निळा द्रव मिळतो. जळलेला वायू त्यातून गेला की निळ्याचं पिवळट होतं. बाटली उघड्या टाकीवर धरायची असते. पण चालत्या बसच्या बॉनेटवर कोण बसणार? मिस्त्रीनं रबराच्या बुचाला भोक पाडलं, पारदर्शक नळी घातली, टाकीच्या तोंडात घट्ट बसवली, कूलंट परत भरताना टाकीत वर चार बोटं जागा ठेवली. नळी खिडकीतून आत घेतली आणि तिचं टोक निळ्या बाटलीत सोडलं. बसमध्ये जुने टायर रचले, पाण्यानं भरलेली चार पिंपं चढवली. लांब्या अंग चोरून मागच्या सीटवर बसला.

"मलाही वजनात धरा," तो म्हणाला. "घरी कोणी धरत नाही."

"चालवणार कोण?" वहिनीनं विचारलं. "मला निलंबित केलंय. गाडीला हात लावायचा नाही असं ठळक अक्षरात लिहिलंय."

"ही गाडी नाही, पुरावा आहे. आणि फाटकाच्या बाहेर जायचंच नाही. खालच्या आवारातून वरच्या आवारात, धुण्याच्या चौथऱ्यापर्यंत. त्या दिवशी चढावर तुम्ही पाय कसा दाबला होता ते तुमच्या पायालाच माहीत. चालवा."

पहिल्या फेरीत काहीच झालं नाही. बस दुसऱ्या गियरमध्ये आरामात वर गेली. मिस्त्रीच्या गुडघ्यांत धरलेल्या बाटलीत एखादा बुडबुडा आला, निळं निळंच राहिलं.

"दुसऱ्यात तिला घाम नाही फुटणार," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी मी तिसऱ्यात होते. माझे आठ आणि बंद पडलेल्या दुसऱ्या गाडीचे तीन, अकरा जण. खालच्या गियरवर आले असते तर मागचे ट्रक बोंबलले असते."

"मग तिसऱ्यात घ्या."

ती तिसऱ्यात चढली. अर्ध्या चढावर इंजिन कण्हलं आणि टर्बोची शिट्टी आली, बारीक, लांबट. बाटलीतले बुडबुडे वाढले. आधी एकेक, मग रांग, मग उकळी फुटल्यासारखे. मागे पांढरा धूर निघाला. लांब्या वळून म्हणाला, "लग्नाची वरात निघाली." तिसऱ्या खेपेला चौथऱ्यापर्यंत पोचता पोचता निळं आधी हिरवट झालं, मग शेवाळी, आणि मग लिंबाच्या सालीसारखं पिवळं.

मिस्त्रीनं बाटली वर धरून उजेडात पाहिली. इंजिन टकटक करत निवत होतं.

"गॅस्केट," तो म्हणाला. "दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांच्या मधे असणार. हेड उघडलं की कळेलच."

"सुटले मी?" वहिनीनं विचारलं.

मिस्त्री बाटलीला बूच लावत बसला. एवढं साधं बूच, पण त्याला ते बराच वेळ बसेना.

कारण पुढचा प्रश्न त्याला ठाऊक होता. गॅस्केट गेलं, मान्य. पण गॅस्केट आधी गेलं आणि म्हणून गाडी तापली, की गाडी तापवली आणि म्हणून गॅस्केट गेलं? उघडलेलं हेड दोन्ही वेळा सारखंच दिसतं. आतून कोणी तारीख टाकून ठेवत नाही. कार्यालय नेमकं तिथेच बोट ठेवणार. आणि त्याचं उत्तर होतं, मिस्त्रीच्या कपाटात, वरच्या फळीवर. टो होऊन आलेल्या गाडीला कोणीही हात लावायच्या आधी रेडिएटरमधलं बाटलीभर कूलंट काढून ठेवायचं, तोंडाला चिकटपट्टी मारायची, तारीख घालून दोघांनी सही करायची, ही त्याची स्वतःची रीत. कार्यालयानं कधी सांगितली नव्हती. त्या दिवशीच्या बाटलीवर त्याची आणि लांब्याची सही होती. आठ दिवस ती बाटली तिथे उभी होती आणि आठ दिवस तो कपाट उघडताना खालच्याच फळ्यांकडे बघत होता.

वहिनी त्याच्या मागोमाग वर्कशॉपच्या खोलीत आली. दार लोटून घेतलं.

"ती बाटली ओतून द्या, भावजी."

"कोणती?"

"मला शिकवू नका. वरच्या फळीवरची."

"ती दाखवल्याशिवाय गॅस्केट जुनंच गेलेलं होतं हे सिद्ध होत नाही, वहिनी."

"नको सिद्ध व्हायला. काटा खाली येतो हे दाखवा, गॅस्केट फाटलंय हे दाखवा. खोटारडी नाही एवढं ठरलं तरी मला पुष्कळ झालं. बाकी काय करायचं ते करू देत."

"नोकरी जाईल."

"मी दुसरीकडे स्टिअरिंग धरीन. दूध पोचवीन. ते ओतून द्या."

मिस्त्रीला वाटलं, ती ड्रायव्हरांना जपतेय. त्या बाटलीत बिंग होतं ते सगळ्यांचंच. रोजच्या नोंदवहीत प्रत्येक ड्रायव्हर कूलंटपुढे 'ठीक' लिहायचा. 'कमी' लिहिलं की गाडी उभी, आणि गाडी उभी तोवर ड्रायव्हर घरी, हा कार्यालयाचा नियम. म्हणून कोणी 'कमी' लिहीत नसे. सीटखाली पाच लिटरचा कॅन असायचा. पाळी संपली की जो तो टाकी काठोकाठ भरूनच किल्ली द्यायचा. पुढच्याला रिकामी गाडी देणं म्हणजे हलकटपणा समजला जायचा. चांगुलपणाच होता तो. त्या चांगुलपणापायी आठ महिने एक फाटकं गॅस्केट नोंदवहीत दिसलंच नाही. त्या दुपारीही लांब्यानं टाकी भरून दिली होती, वहिनीनं बघितली होती, भरलेलीच होती.

दार वाजलं. अडीचला येतो म्हणालेले कार्यालयाचे साहेब सव्वादोनलाच आले होते. सही घ्यायला स्वतः आले, यातच काय ते आलं.

साहेब सभ्य माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांना गरजच नव्हती. त्यांनी पिवळी बाटली पाहिली, नळी पाहिली, काट्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवा म्हणाले आणि तो शांतपणे पाहिला. काटा खाली आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "काट्याचा मुद्दा वगळू. पण गॅस्केट का गेलं, मिस्त्री? गाडी तापली म्हणूनच ना?"

"उलटं, साहेब. ते आधीच गेलेलं होतं."

"हे तुम्ही म्हणता. आणि ड्रायव्हर तुमची कोण लागते, हे मी कागदावर आणत नाहीये. पण उद्या कोणीतरी आणेलच. घरच्या माणसासाठी जीव तुटतो, मी समजू शकतो."

लांब्या दारात उभा होता. तो खाली बघून बुटानं तेलाचा डाग घासू लागला.

मिस्त्रीनं स्टूल ओढलं, वर चढला, बाटली काढली. त्यानं साहेबांसमोर चिकटपट्टी फोडली, थेंबभर पाणी काढून काचेवर घातलं आणि कूलंट किती दाट आहे ते दाखवणारी छोटी दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

"उजेडाकडे धरा. तेरा महिन्यांपूर्वी मी हिच्यात अर्धं कूलंट, अर्धं पाणी भरलं होतं. निळी रेघ मधोमध दिसायला हवी. कुठे दिसते?"

"अगदी तळाला."

"म्हणजे नुसतं पाणी. सगळी मिळून नऊ लिटरची वाट. कूलंट इतकं पातळ व्हायला किमान पंचवीस लिटर पाणी वरून पडायला हवं, थोडं थोडं करून. एका दिवसात नाही होत ते, साहेब. आठ महिने लागले. गॅस्केट आठ महिने गळत होतं."

साहेब दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ती जपून टेबलावर ठेवली आणि बॅग उघडली.

"म्हणजे आठ महिने कोणीतरी पाणी घालत होतं," ते म्हणाले. "आणि नोंदवहीत 'ठीक' लिहीत होतं. मग तर सरळच झालं, मिस्त्री. तुम्ही माझं काम सोपं केलंत." त्यांनी एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. "हा त्यांचा जबाब. नववा प्रश्न बघा. काही कॅन आम्हालाही सापडतात."

वहिनी म्हणाली, "ते वाचायची काही गरज नाही."

मिस्त्रीनं वाचलं. 'सीटखाली सापडलेल्या कॅनमधील पाणी कूलंटमध्ये घालण्यास आपणास कोणी सांगितले होते काय?' आणि खाली तिचं ठळक, शाळेतलं अक्षर. 'कोणी नाही. मी माझ्या मनाने घालत होते.'

खालीच लांब्याचा आणि आणखी तिघांचे जबाब टाचले होते. एकेक ओळीचे. आम्ही कधी पाणी घातलेले नाही.

मिस्त्रीनं कागद खाली ठेवला. मग उचलला आणि पुन्हा ठेवला.

आठ महिन्यांपूर्वी, याच खोलीत, याच टेबलाशी उभं राहून त्यानं सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं होतं. हिचं गॅस्केट फुसफुसतंय. दोनदा मागणी पाठवली, दोन्ही वेळा 'गाडी चालू स्थितीत असल्याने मंजुरी देता येत नाही' असा शेरा मारून परत आली. बंद पडल्याशिवाय गॅस्केट नाही आणि बंद पडली की पेशंट रस्त्यावर. तेव्हा कॅन ठेवा, पाणी घालत राहा, वहीत 'ठीक' लिहा, पुढचं मी बघतो. पुढचं त्यानं बघितलं नव्हतं. तिसरी मागणी त्यानं पाठवलीच नव्हती. गाडी चालत होती, दिवस जात होते, इतर कामं होती. कॅन त्यानंच आणून दिले होते.

त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"घरात एकाचं तरी काम राहू दे म्हटलं," ती म्हणाली. खूप हळू नाही, मोठ्यानंही नाही. "दोघांचं घालवून काय करायचंय?"

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी विचारलं.

"घरचं आहे," मिस्त्री म्हणाला. "साहेब, चार वाजेपर्यंत थांबा. बाहेर चहा मिळतो. अहवाल तयार करून देतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, फॉर्मवरच्या पेन्सिलीच्या खुणेकडे पाहिलं, आणि गेले.

लांब्या अजून दारातच होता. "मिस्त्री," तो म्हणाला, "माझं नाव घालू नका हं. तीन पोरं आहेत."

"नाही घालत. पण एक काम कर. आपल्याकडे याच इंजिनाच्या अजून चार गाड्या आहेत ना, सकाळच्या खेपेहून आलेल्या? प्रत्येकीच्या टाकीतलं चमचाभर पाणी घेऊन ये. वेगवेगळ्या झाकणांत. आणि सीटखाली हात घालून बघ."

लांब्यानं विचारलं नाही कशासाठी. तासाभरानं चार झाकणं टेबलावर आली. मिस्त्रीनं एकेक थेंब काचेवर घालून पाहिला. एका गाडीत कूलंट होतं. तीन गाड्यांत पाणी. कॅन चारही गाड्यांत. लांब्यानं ते आणून भिंतीशी ओळीनं मांडले होते.

मिस्त्रीला कॅन एकाच गाडीत ठेवल्याचं आठवत होतं. पण चांगली युक्ती आवारात पसरायला वेळ लागत नाही.

तो उठला, खिळ्यांच्या फळीवरून तिन्ही गाड्यांच्या किल्ल्या काढल्या आणि खिशात घातल्या.

"भावजी, हे काय?" वहिनी म्हणाली. "उद्या सहाला त्यांतून पेशंट जायचेत. डायलिसिस म्हणजे काही सिनेमा नाही, पुढच्या आठवड्यात बघू म्हणायला."

"माहीत आहे."

"मग?"

"मग कार्यालयालाच विचारतो. मी आठ महिने त्यांच्याऐवजी उत्तर देत होतो."

तो लिहायला बसला. चौकटींना हात लावला नाही. फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. त्याला लिहिण्याची सवय नव्हती. तो जोर देऊन लिहायचा, खालच्या कागदावर उठेल इतका. वहिनी शेजारी उभी राहून वाचत होती. मध्येच एकदा तिनं हात पुढे केला, कागद ओढून घ्यायला असावा. मग तो हात तिनं टेबलावर तसाच ठेवला. ती म्हणाली, "'निष्काळजी'चा 'ष्का' चुकलाय." त्यानं दुरुस्त केला.

चारला साहेब आले. त्यांनी फॉर्म हातात घेतला, पुढची बाजू पाहिली, रिकाम्या चौकटी पाहिल्या, मग उलटवला.

"गॅस्केट आठ महिन्यांपासून गळत होते. ते मला माहीत होते. दोन वेळा मागणी केली, दोन्ही मागण्या शेऱ्यासह परत आल्या. त्या सोबत जोडल्या आहेत. तिसऱ्या वेळी मी मागणी केली नाही. हा माझा निष्काळजीपणा. पाणी घालण्यास व नोंदवहीत 'ठीक' लिहिण्यास चालकांना मी सांगितले. कॅन मी दिले. चालकाने जबाबात माझे नाव घेतलेले नाही, म्हणून ते मी येथे लिहीत आहे. काटा खाली आला हे चालकाचे म्हणणे खरे आहे. तुमच्यासमोर करून दाखवले.

"आज तपासलेल्या चार गाड्यांपैकी तीन गाड्यांमध्ये कूलंट नाही, पाणी आहे. त्यांतील कोणती गाडी कोणत्या चढावर बंद पडेल ते मी सांगू शकत नाही. तिन्ही गाड्यांच्या किल्ल्या माझ्या खिशात आहेत. उद्या सकाळी सहा वाजता या गाड्यांतून सव्वीस रुग्ण जायचे आहेत. त्यांना न्यावेच लागेल. दुसऱ्या गाड्या पाठवता, की याच गाड्या रस्त्यावर काढा असे स्वतःच्या नावाने सही करून देता? गाडी चालू स्थितीत आहे, हा शेरा आता मला चालणार नाही. मंजुरी नाकारणाऱ्याचे नाव मी दोनदा शोधले. शेऱ्याखाली फक्त शिक्का आहे.

"माझे नाव वर लिहिले आहे. तुमच्यापैकी कोणाचे लिहू?"